नवशिक्या, उस्ताद आणि एकच हत्यार

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात खडू-फळ्याखेरीज दुसरे साधन हाती धरले नव्हते, अशा असंख्य शिक्षकांना मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहून धडा द्यावा लागला. धडा चित्रित करणे त्यातल्या त्यात सोपे होते. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अडखळलेले वाक्य काढून टाकणे, रस्त्यावरून आलेला भोंग्याचा आवाज कमी करणे, आकृती नेमक्या क्षणी पडद्यावर आणणे आणि चाळीस मिनिटांचे बोलणे बारा मिनिटांत बसवणे, थोडक्यात ज्याला चित्रपटाच्या परिभाषेत संकलन म्हणतात ते करणे, हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे ठरले. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर उपलब्ध नव्हती, असे मुळीच नाही. एका बाजूला व्यावसायिकांसाठी तयार केलेली भारदस्त सॉफ्टवेअर होती. ती उघडताच नवख्या माणसापुढे शंभर बटणांची आणि तितक्याच अनोळखी शब्दांची भिंत उभी राहते. दुसऱ्या बाजूला मोबाइलवरची खेळणी होती; त्यांत दोन मिनिटांत नाचगाण्याची झगमग तयार होते, पण भूमितीचा एक प्रमेय नीट मांडता येत नाही. या दोहोंमधला खड्डा आजही पुरता बुजलेला नाही. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे, इतका तो लहान नाही.

याचे कारण असे की हलत्या चित्राची भाषा आता सार्वजनिक व्यवहाराची भाषा झाली आहे. निवडणुकीचा प्रचार, शेतीचा सल्ला, बँकेची सूचना, शिकवणी, तक्रार आणि पुरावा या सर्व गोष्टी आज चित्रफितीच्या रूपाने लोकांपुढे येतात. ज्या समाजात सर्वांना वाचता येते पण लिहिता मात्र मोजक्यांनाच येते, त्या समाजाला आपण पूर्ण साक्षर म्हणणार नाही. पाहणारे कोट्यवधी आणि जुळवणारे मूठभर अशी स्थिती असेल, तर तीही एक प्रकारची निरक्षरताच होय. शिवाय संकलन म्हणजे केवळ जोडकाम नव्हे. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कशानंतर काय दाखवायचे, याचा तो निर्णय असतो. दोन वाक्यांमधील एक वाक्य काढून टाकले की वक्त्याचा अर्थ कसा उलटा होतो, हे ज्याने स्वतःच्या हाताने एकदा करून पाहिले आहे, तो दुसऱ्याने कापलेली चित्रफीत डोळे झाकून खरी मानत नाही. संकलनाचे साधन सामान्य माणसाच्या हाती येणे हे म्हणूनच हौसेपुरते मर्यादित नाही. नागरिकाच्या सावधपणाशी त्याचा थेट संबंध आहे.

हे साधन मुळात अनाकलनीय नव्हते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे घरातच चालत आणि सरस्वतीबाई फाळके यांचा त्यांत मोठा हातभार असे. अमेरिकेत १९२४ मध्ये इवान सेरुरिए यांनी मूव्हिओला हे यंत्र संकलकांसाठी आणले. पुढे अनेक दशके जगभर चित्रपट कापले गेले ते अशा यंत्रांवरच. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा तेथील विद्यार्थीही फिल्मची पट्टी हातात धरून, ती कापून आणि जोडूनच ही विद्या शिकले. या पद्धतीत कष्ट फार होते. परंतु साधन आणि कृती यांच्यात आडपडदा नव्हता. पट्टी डोळ्यांना दिसत होती, कात्री हातात होती, आणि नको असलेला तुकडा खुंटीला टांगलेला होता. पहिल्याच दिवशी आलेल्या उमेदवाराला तत्त्व समजत असे. हात बसायला मात्र वर्षे लागत.

चित्र फिल्मवरून टेपवर आणि टेपवरून संगणकात गेले, तेव्हा हा आडपडदा निर्माण झाला. टेप कापता येत नसे. एका टेपवरून दुसऱ्या टेपवर ओळीने उतरवत जावे लागे, आणि मधला एक प्रसंग लांबवायचा तर पुढचे सारे पुन्हा करावे लागे. संगणकाने ही अडचण दूर केली. ॲव्हिड कंपनीची संकलन-व्यवस्था १९८९ मध्ये बाजारात आली. १९९१ मध्ये ॲडोबीचे प्रीमियर आले. १९९९ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो ९९९ डॉलरला विकायला काढले. यांतील प्रीमियरच्या पहिल्या आवृत्त्या आणि पुढे फायनल कट या दोहोंमागे रँडी युबिलोस हा एकच प्रमुख प्रोग्रॅमर होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिचा संदर्भ पुढे येईल. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या ज्येष्ठ संकलकाने ‘कोल्ड माउंटन’ हा २००३ चा मोठा चित्रपट फायनल कटवर संकलित केला, तेव्हा स्वस्त साधन म्हणजे कनिष्ठ साधन हा समज मोडीत निघाला. साधन स्वस्त झाले, हे खरे. ते सोपे झाले का, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

ते सोपे का झाले नाही, याचे उत्तर देताना अवघडपणाचे तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला अवघडपणा कलेचा. कोणत्या क्षणी कापावे, शांतता किती वेळ टिकू द्यावी, चेहऱ्यावरून हातावर केव्हा जावे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही, आणि ते सोपे करण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. दुसरा अवघडपणा इतिहासाचा. आजच्या सॉफ्टवेअरमधील बरेचसे शब्द फिल्मच्या टेबलावरून आणि टेपयंत्राच्या खोलीतून आले आहेत. ‘बिन’ म्हणजे फिल्मचे तुकडे टांगण्याची पेटी, ‘रेझर’ म्हणजे पाते. ज्याने ती पेटी पाहिलीच नाही, त्याला त्या शब्दातून काही बोध होत नाही. एके काळी ओळखीचा वाटणारा शब्दच आज कोडे होऊन बसला आहे. तिसरा अवघडपणा मात्र निव्वळ हेळसांडीचा आहे. भारतातील दूरचित्रवाणी सेकंदाला पंचवीस चित्रांच्या मापाने चालत आली, चित्रपट चोवीसच्या, आणि मोबाइल बहुधा तीसच्या. त्यातही मोबाइल प्रकाश पाहून हा वेग मध्येच कमीअधिक करतो. परिणामी काही सॉफ्टवेअरमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की जुळवलेले सारे चित्र नाहीसे होऊन त्या जागी लाल पाटी दिसू लागते. नवशिक्याला वाटते की आपले काम बुडाले. वस्तुतः काम जागच्या जागी असते. सॉफ्टवेअरला फाइलचा पत्ता हरवलेला असतो, एवढेच. या गोष्टींचा कलेशी काडीचा संबंध नाही. तरीही शिकणाऱ्यांपैकी कित्येकजण नेमक्या याच ठिकाणी धीर सोडतात.

लॅरी टेस्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे २०२० मध्ये निधन झाले. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची जी सोय आज प्रत्येक कारकुनाच्या बोटांवर असते, ती रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा होता. कोणत्याही कामातील गुंतागुंत एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाही, प्रश्न एवढाच उरतो की ती कोणी सोसायची, असे त्याचे प्रतिपादन होते. कार्यक्रम लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने एक महिना अधिक खपायचे, की तो वापरणाऱ्या लक्षावधी माणसांनी रोज काही मिनिटे वाया घालवायची? प्रश्न असा मांडला की उत्तराविषयी शंका राहत नाही. वेगाच्या मापातील फरक सॉफ्टवेअरने स्वतः ओळखावा, हरवलेली फाइल स्वतः शोधावी, आणि वीज गेली तरी शेवटच्या क्षणापर्यंतचे काम शाबूत ठेवावे. ही मागणी केवळ नवशिक्याच्या लाडाची मानू नये. उस्तादाचाही वेळ त्यात वाचतो. नवशिक्याची सोय आणि उस्तादाची सोय यांत विरोध असतोच, हा समज निदान या क्षेत्रापुरता तरी चुकीचा आहे.

परंतु सोपेपणाच्या नावाखाली काय करू नये, याचाही धडा इतिहासाने देऊन ठेवला आहे. घरगुती वापरासाठी ॲपलने आयमूव्ही हे सॉफ्टवेअर काढले होते. त्याची २००७ ची आवृत्ती युबिलोस यांच्या हातून नव्याने घडली आणि तीत नेहमीची टाइमलाइन, म्हणजे काळाची आडवी पट्टी, काढून टाकण्यात आली. वापरणाऱ्यांनी इतकी कुरकुर केली की कंपनीला जुनी आवृत्ती विनामूल्य उपलब्ध करून द्यावी लागली. पुढे २१ जून २०११ रोजी याच विचारधारेतून फायनल कट प्रो एक्स आले. किंमत सुमारे तीनशे डॉलर, म्हणजे पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यातील कल्पना सामान्य नव्हत्या. एक तुकडा काढला की बाजूचे तुकडे आपोआप सरकून जागा भरत. चित्र आणि त्याचा आवाज एकमेकांपासून सुटत नसत. तुकड्यांना नावे देऊन ते क्षणार्धात शोधता येत. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या निम्म्या चुका यामुळे होणेच शक्य नव्हते.

तरीही व्यावसायिकांमध्ये संतापाची लाट उसळली, आणि तो संताप निव्वळ सवयीचा नव्हता. जुन्या आवृत्तीत केलेले काम नव्या आवृत्तीत उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी घेतलेले चित्रण जुळवण्याची सोय नव्हती. आपले काम ध्वनिसंयोजकाकडे किंवा रंगसंस्कार करणाऱ्याकडे पाठवण्याचे रूढ मार्ग बंद झाले होते. त्यातच जुन्या आवृत्तीची विक्री थांबवण्यात आली. कंपनीने सप्टेंबर २०११ मध्ये देवाणघेवाणीची काही सोय आणि जानेवारी २०१२ मध्ये अनेक कॅमेऱ्यांची सोय पुन्हा दिली. पण तोवर अनेकांनी प्रीमियरची किंवा ॲव्हिडची वाट धरली होती. ‘पॅरासाइट’ हा कोरियन चित्रपट २०१९ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ऑस्करच्या सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. त्याचे संकलन झाले ते कंपनीने आठ वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या जुन्या फायनल कटवर. हातात बसलेले हत्यार कारागीर सहजासहजी टाकत नाही, याचा याहून बोलका दाखला कोणता हवा?

या प्रकरणातून दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात. व्यावसायिक हत्यार सोपे करण्याच्या फंदात पडू नये, असे एक पक्ष म्हणतो. कारागीर हटवादी असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही निष्कर्ष उथळ आहेत. फायनल कट एक्सवर रोष ओढवला तो त्याच्या सोपेपणामुळे नव्हे. ज्या सोयी नवशिक्याला पहिल्या दिवशी लागत नाहीत, त्या लपवण्याऐवजी काढून टाकल्या गेल्या, आणि माणसाचे जुने काम व त्याचे सहकारी यांच्याशी असलेला दुवा तोडला गेला, हे त्या रोषाचे खरे कारण होते. पुढे त्या सोयी परत येत गेल्या, तसे तेच सॉफ्टवेअर अनेक व्यावसायिकांनी आनंदाने स्वीकारले. अडगळीची वस्तू माळ्यावर ठेवणे वेगळे आणि ती खिडकीबाहेर फेकणे वेगळे. माळ्यावरची वस्तू गरज पडली तर शिडी लावून काढता येते.

सोपेपणाचा दुसरा सापळा मोबाइलवरील ॲपचा. तेथे साचे तयार असतात. आपली चित्रे टाकावीत आणि एक बटण दाबावे; संगीत, कापण्याचे क्षण आणि अक्षरांची उडी हे सारे ठरलेले असते. गेल्या काही वर्षांत यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. बोललेले शब्द आपोआप अक्षरांत उतरतात आणि मधले रेंगाळलेले क्षण यंत्रच कापून देते. कष्टाचे काम यंत्राने करावे, याला कोणी हरकत घेणार नाही. पण साच्यातून शंभर चित्रफिती काढणाऱ्या विद्यार्थ्याला एकशेएकावी स्वतःच्या बुद्धीने कापता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. गाइडमधील उत्तर उतरवून काढणाऱ्याची जी गत परीक्षेत होते, तीच ही. शिवाय ही साधने आपल्या मालकीची नसतात. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी एकोणसाठ ॲपवर बंदी घातली. टिकटॉकविषयी त्या वेळी बरेच बोलले गेले. परंतु त्या यादीत व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे ॲपही होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे करण्याचे कारण नाही. एका कळीवर अवलंबून असलेले कौशल्य ती कळ गेली की संपते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

सोपे हत्यार आणि खानदानी हत्यार यांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. बाजाच्या पेटीवरून तो आपल्या संगीतात एकदा होऊन गेला आहे. पट्टी दाबली की नेमका सूर निघतो, म्हणून पेटी घरोघरी, भजनी मंडळात आणि शाळेच्या प्रार्थनेत पोचली. परंतु पेटीला मींड येत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद तिच्या पट्ट्यांत बसत नाहीत, असा तिच्यावर आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल होऊ लागायला १९७१ साल उजाडावे लागले. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पेटीचा सोपेपणा खरोखरच काही किंमत घेतो. पण ज्या पेटीवर एखादा मुलगा आरती वाजवायला शिकतो, त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी मैफली रंगवल्या. मुलाची पेटी निराळी आणि गोविंदरावांची निराळी, असे नव्हते. मुलाने वाढावे, पेटी बदलण्याची गरज नाही. पेटीला मींड न देणे ही तिच्या घडणीची मर्यादा होती. सॉफ्टवेअरला तशी मर्यादा नसते. त्यात साध्या पट्ट्याही ठेवता येतात आणि मींडही. ज्याला जेव्हा जे हवे, ते तेव्हा त्याच्यापुढे आणणे, एवढेच कसब घडवणाऱ्याला दाखवायचे असते.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. आयबीएममधील जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स या संशोधकांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायकल शिकणाऱ्या मुलासाठी मागच्या चाकाला दोन लहान चाके लावतात, त्या धर्तीवर त्यांनी मजकूर-लेखनाच्या एका सॉफ्टवेअरमधील प्रगत आज्ञा शिकाऊ माणसासाठी तात्पुरत्या अडवून ठेवल्या. आज्ञा दिसत होत्या, पण दाबल्यास ती अद्याप उपलब्ध नाही, एवढाच निरोप मिळे. असे शिकणाऱ्यांनी काम लवकर पुरे केले, चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला, आणि सॉफ्टवेअर कसे चालते याची समजही त्यांना अधिक आली. अडवलेल्या आज्ञा पुढे मोकळ्या करायच्या असतात, हे यातले मर्म. सायकलची छोटी चाके कायमची ठेवली तर मुलगा सायकल शिकत नाही.

संकलनाच्या क्षेत्रात याच दिशेने टाकलेले एक पाऊल म्हणून डाव्हिन्ची रिझॉल्व्हकडे पाहता येईल. चित्रांवर रंगसंस्कार करणारी ही यंत्रणा एके काळी काही लाख डॉलरपर्यंतच्या किमतीला विकली जाई आणि मोठ्या स्टुडिओंखेरीज ती कोणाला दिसतही नसे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये ती विकत घेतली, २०११ मध्ये तिची एक विनामूल्य आवृत्ती दिली आणि पुढे तीत संकलनाची भर घातली. पडद्याच्या तळाशी कामाच्या क्रमाने दालने आहेत: आधी चित्रण गोळा करणे, मग संकलन, मग रंग, मग ध्वनी आणि शेवटी बाहेर काढणे. ज्याला रंगाच्या दालनात जायचे नाही, त्याच्यापुढे रंगाचे एकही बटण येत नाही. कंपनीने २०१९ मध्ये झटपट जुळवणीसाठी आणखी एक साधे दालन जोडले. तेथे कापलेले तुकडे त्याच क्षणी मोठ्या दालनातही तसेच दिसतात, कारण काम एकच असते. केवळ पाहण्याच्या खिडक्या दोन. या सॉफ्टवेअरलाही दोष आहेत. त्याला दणकट संगणक लागतो, आणि सरकारी शाळेतील जुन्या यंत्रावर ते धापा टाकते. परंतु नवशिक्याला वेगळ्या घरात न ठेवता त्याच घराच्या ओसरीवर बसवण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

यातून काही कसोट्या निघतात. पहिली, सॉफ्टवेअर उघडल्यापासून पहिला तुकडा कापून तो पाहण्यापर्यंतचा मार्ग कोणाच्याही मदतीशिवाय पार करता यावा. दुसरी, कोणतीही चूक परत फिरवता यावी आणि मूळ चित्रणाला कधीही धक्का लागू नये. भीती गेली की माणूस प्रयोग करतो, आणि प्रयोग केल्याशिवाय कोणी शिकत नाही. तिसरी, सॉफ्टवेअरने एखादी गोष्ट आपोआप केली तर ती काय केली हे दाखवावे आणि ती बदलू द्यावी. यंत्राने सुचवलेला काप वापरणाऱ्याला आपल्या हाताने पुढेमागे सरकवता आला, तर ते यंत्र शिक्षक ठरते. तसे करता येत नसेल, तर त्याची जात गाइडचीच. चौथी, नवशिक्याने केलेले पहिले काम उस्ताद झाल्यावरही उघडता यावे, आणि ते एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावे. या चौथ्या कसोटीसाठी पिक्सार या चित्रपटसंस्थेने २०१७ मध्ये ओपनटाइमलाइनआयओ नावाची मुक्त रचना सर्वांसाठी खुली केली आहे. इच्छा असेल तर मार्ग आहे, याचा तो पुरावा होय.

मराठी माणसाच्या दृष्टीने आणखी एक कसोटी अटळ आहे आणि ती लिपीची. पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटवताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसणे आणि जोडाक्षरांचे पाय मोडणे हे प्रकार या व्यवसायातील लोकांनी वर्षानुवर्षे सोसले. त्यावर उपाय म्हणून जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये अक्षरे जुळवण्याच्या नाना क्लृप्त्या रूढ झाल्या. अलीकडे परिस्थिती पुष्कळ सुधारली असली, तरी काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची सोय एखाद्या आतल्या कप्प्यात जाऊन मुद्दाम चालू करावी लागते. जी गोष्ट इंग्रजीला जन्मतः मिळते, ती मराठीला अर्ज करून मागावी लागते. आज्ञांच्या नावांबाबतही हेच. ‘ट्रिम’, ‘रेंडर’, ‘एक्सपोर्ट’ हे शब्द रुळले आहेत आणि ते हट्टाने बदलण्याची गरज नाही. परंतु त्या आज्ञेने नेमके काय होते, हे सांगणारे एक वाक्य मराठीत देता येऊ नये, असे काहीही तांत्रिक कारण नाही. अवघड संस्कृत प्रतिशब्दांची यादी करून मंडळाच्या कपाटात ठेवण्यापेक्षा अशी शंभर साधी वाक्ये लिहिली, तर विद्यार्थ्यांवर अधिक उपकार होतील.

हे सर्व परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर सोडून आपण स्वस्थ बसावे काय? केरळने तसे केले नाही. तेथील सरकारी शाळांत २००१ पासून आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प चालला आणि त्याची वाटचाल मुक्त सॉफ्टवेअरच्या दिशेने होत गेली. ‘लिटल काइट्स’ या नावाने २०१८ मध्ये शाळाशाळांत विद्यार्थ्यांची मंडळे सुरू झाली आणि त्यांच्या शिक्षणात चित्रफिती तयार करण्याचाही समावेश झाला. महाराष्ट्रात चित्रपटाची परंपरा अधिक जुनी आहे, पुण्यामुंबईत संकलनाचे जाणकार आहेत, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांची तर वाण नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर कोणालाही घेता येतात, त्यांची रचना पाहता येते आणि बदलताही येते. शिकाऊ विद्यार्थ्यासाठी त्यांचा साधा दर्शनी भाग घडवणे, त्यांना मराठी सूचना जोडणे आणि जुन्या संगणकावर ती चालतील असे करणे, हे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्पांचे उत्तम विषय होऊ शकतात. प्रतिवर्षी तेच ते ग्रंथालय-व्यवस्थापनाचे प्रकल्प नव्या वेष्टनात सादर होतात. त्याऐवजी एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकेला बाजूला बसवून, ती कोठे अडते हे पाहून, ते अडथळे दूर करणारा प्रकल्प झाला तर विद्यार्थीही काही शिकेल आणि समाजालाही त्याचा उपयोग होईल. वापरणाऱ्याला समोर बसवून पाहिल्याखेरीज कोणतेही साधन सोपे होत नाही, आणि या पाहण्याला पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी नम्रता.

सोपे केल्याने कलेचा दर्जा घसरेल, अशी भीती काही जाणकार व्यक्त करतात. छापखाना आला तेव्हाही वाईट पुस्तके निघतील अशी भीती होतीच, आणि ती खरी ठरली. वाईट पुस्तके पुष्कळ निघाली. पण ज्यांच्या पूर्वजांना पोथीला हात लावण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्या हाती पुस्तक आले, हेही त्याच छापखान्यामुळे घडले. वाईट संकलन पुष्कळ होईल आणि ते आपण सोसू. कलेचा अवघडपणा कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तो प्रत्येकाच्या वाट्याला पुरून उरेल इतका आहे. त्याच्या जोडीला यंत्राचा अवघडपणा लादणे म्हणजे विद्येच्या दाराशी विनाकारण जकातनाका उभारणे होय. हा नाका हटवण्याची पहिली जबाबदारी सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांची आहे. ते ती टाळत असतील, तर आपल्या शाळांसाठी साधन निवडताना वरील कसोट्या लावून पाहण्याचे काम शिक्षण खात्याने आणि विद्यापीठांनी अंगावर घेतले पाहिजे.